पहिल्या मिनिटाचे गुण

हदगावात ओळखीच्या घरी बारसे होते. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि आत बायकांची नावावरून थट्टामस्करी चालू असताना बाळाचे आजोबा मला हळूच ओसरीवर घेऊन आले. आजोबा निवृत्त मुख्याध्यापक. हातात दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड. त्यावर बाळाच्या वजनाखाली एका ओळीत लिहिले होते : अ‍ॅपगार ७/१०, ९/१०. मास्तरांना शंका एवढीच होती की नातीचे पहिल्या खेपेला तीन गुण कशात कापले गेले!

ज्या मुलखात लातूर पॅटर्नचा डंका वाजला, तिथे हा प्रश्न पडणे साहजिकच आहे. इथे तर जन्मल्यावर एका मिनिटात परीक्षा आणि पुढे चार मिनिटांनी फेरपरीक्षा. मी त्यांना सांगितले की काळजीचे काही कारण नाही. पहिल्या मिनिटाला बहुतेक बाळांचे हातपाय निळसरच असतात, त्यामुळे पैकीच्या पैकी गुण फार थोड्यांना मिळतात. मास्तरांचे समाधान झाले. पण अ‍ॅपगार हे एका बाईचे आडनाव आहे, हे ऐकून ते चकित झाले. त्यांना ते एखाद्या यंत्राचे नाव वाटले होते.

गंमत म्हणजे ही बाई बाळंतपणे करणारी डॉक्टर नव्हती आणि मुलांची डॉक्टरही नव्हती. तिचे काम आईला भूल देण्याचे. कळांनी तळमळणाऱ्या बाईला गुंगी आणायची आणि तिची सुटका होईपर्यंत तिच्या उशाशी उभे राहायचे. उशाशी उभ्या राहिलेल्या या बाईची नजर एके दिवशी पलंगाच्या दुसऱ्या टोकाकडे गेली. आईला दिलेली गुंगी आईपाशीच थांबते की पोटातल्या बाळालाही चढते, हा प्रश्न तिने धरला आणि सोडला नाही.

व्हर्जिनिया अ‍ॅपगारचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात वेस्टफील्ड गावी झाला. वडील विमा कंपनीत नोकरीला. पण जीव सगळा घराच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत. दुर्बिणी, बिनतारी यंत्रे, तारांची भेंडोळी. घरात गाणेबजावणेही होते आणि व्हर्जिनिया लहानपणीच व्हायोलिन शिकली. पण आजारपणही त्याच घरात मुक्कामाला होते. थोरला भाऊ लहानपणीच क्षयाने गेला, दुसरा सतत दुखणाईत. ही धाकटी मुलगी डॉक्टर व्हायचे म्हणू लागली, यात नवल नाही. 

माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकली. पैशांची ओढाताण होतीच, म्हणून पडेल ते काम केले. त्यातले एक काम प्रयोगशाळेसाठी भटकी मांजरे पकडून आणण्याचे. १९२९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वैद्यकीच्या वर्गात नाव घातले आणि महिन्याभरात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. तरी तिने कर्ज काढून शिक्षण पुरे केले. ९० जणांच्या वर्गात मुली अवघ्या ९. त्यात चौथ्या क्रमांकाने ती १९३३ साली डॉक्टर झाली.

तिला सर्जन व्हायचे होते आणि हात चांगला होता. पण सर्जरीचे प्रमुख डॉ. अॅलन व्हिपल यांनी तिला समजावले की मंदीच्या दिवसांत पुरुष सर्जनांनाही रोगी मिळत नाहीत, बाईकडे कोण येणार? त्यापेक्षा भूलशास्त्र घे. आता यात तिला डावलणे किती आणि तिचे हित पाहणे किती, हे ठरवणे अवघड आहे. व्हिपलना खरोखरच चांगल्या भूलतज्ज्ञांची गरज वाटत होती, कारण भूल नीट नसेल तर सर्जरी पुढे सरकणार नव्हती. त्या काळी भूल देणे हे डॉक्टरचे काम मानलेच जात नसे. ते नर्सने करायचे. अ‍ॅपगारबाई आधी त्या नर्सकडेच शिकायला बसल्या. मग विस्कॉन्सिनला डॉ. राल्फ वॉटर्स यांच्याकडे गेल्या, आणि तिथून न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात. शिकाऊ डॉक्टरांच्या वसतिगृहात बाईला खोलीच नाही, म्हणून बेलव्ह्यूत त्या मोलकरणींच्या खोल्यांत राहिल्या.

१९३८ साली त्या कोलंबियाला परतल्या आणि तिथला भूल विभाग त्यांनी उभा केला. पुढली दहा-अकरा वर्षे विभागाचे ओझे ओढले. हाताखाली माणसे नाहीत, पगार बेताचा, सर्जन मंडळी बरोबरीने वागवायला तयार नाहीत. शेवटी १९४९ साली या विभागाला स्वतंत्र खाते म्हणून मान्यता मिळाली तेव्हा खातेप्रमुखाची खुर्ची एका पुरुष डॉक्टरला मिळाली. बाईंना त्याच वर्षी प्राध्यापकपद दिले गेले. त्या वैद्यकीय महाविद्यालयात हा मान मिळवणारी ही पहिली स्त्री. मान मिळाला, खुर्ची गेली. बाईंनी तक्रारीत वेळ घालवला नाही. कारभाराची कटकट सुटली म्हणून त्या बाळंतिणींच्या विभागात गेल्या. हे जर घडले नसते तर मास्तरांच्या नातीचे गुण कोणी मोजले नसते.

त्या वेळची अमेरिकेतली प्रसूतिगृहे कशी होती ते जरा पाहिले पाहिजे. १८५३ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने बाळंतपणात क्लोरोफॉर्म हुंगला आणि कळा सोसणे हे देवाने नेमून दिलेले आहे, हे म्हणणे मागे पडू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फ्रायबुर्गच्या डॉक्टरांनी मॉर्फिन आणि स्कोपोलामिन यांची जोडी आणली. या औषधाने कळा थांबत नसत, पण बाईला नंतर काही आठवत नसे. १९१४च्या सुमारास ही तऱ्हा अमेरिकेत गेली आणि तिथल्या शिकल्यासवरल्या बायकांनी तिच्यासाठी चळवळ केली. पुढे बार्बिट्युरेट जातीची झोपेची औषधे आली, १९४०च्या सुमाराला पेथिडिन आले, हुंगवायचे वायूही होते. आई ग्लानीत, बाळ पोटात. गर्भातली वार ही भिंतीसारखी आहे, आईच्या रक्तातले वाईटसाईट ती अडवते, अशी समजूत डॉक्टरांतही बरीच पसरलेली होती.

वार म्हणजे भिंत नव्हे, चाळणी आहे, आणि गुंगीची औषधे तर तिच्यातून अगदी सहज जातात. कारण उघड आहे. जे औषध मेंदूपर्यंत पोचून गुंगी आणते ते चरबीत विरघळणारे असते, आणि तसे औषध वारेलाही अडत नाही. त्यात बाळाचे यकृत अजून कोवळे. आईच्या अंगातून औषध काही तासांत उतरते, बाळाच्या अंगात ते रेंगाळते. पोटात असेपर्यंत त्याच्यासाठी आई श्वास घेत असते, म्हणून काही कळत नाही. नाळ कापली की मात्र त्याचे त्याला श्वास घ्यायचे असतात, आणि नेमके तेव्हाच ते झोपेत असते.

आपल्याकडे तेव्हा गुंगी द्यायला दवाखानाच नव्हता. हदगाव, तामसा, निवघ्याकडे बाळंतपण घरी, कंदिलाच्या उजेडात, सुईणीच्या हातून व्हायचे. बाळ रडले नाही तर त्याच्या कानाशी थाळी वाजवायची, ही रीत जुन्या बायकांना अजून आठवते. पण गुंगीची दुसरी तऱ्हा महाराष्ट्रालाही ठाऊक होती. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला अफूची गोळी चारून कामावर जात. ते दिवसभर निजून राही. १९२०च्या दशकात सरकारी पाहणीतही हे नोंदले गेले. त्या आयांना दोष देण्यात अर्थ नाही. पाळी चुकली तर चूल बंद, आणि घरी मूल सांभाळायला कोणी नाही. ते मूल मात्र भूक लागली तरी रडत नसे, आणि न रडणारे मूल हळूहळू सुकत जाई. बाळ शांत आहे म्हणजे बरे आहे, ही फसगत गिरणगावातल्या खोलीत झाली तशीच न्यूयॉर्कच्या नामांकित रुग्णालयातही होत होती.

तिथे बाळंतपण झाले की सगळे डॉक्टर आईच्या भोवती जमायचे. बाळ निळे, लुळे, गप्प पडले असेल तर त्याला बाजूला ठेवले जायचे. जगायचे असेल तर जगेल. एका डॉक्टरच्या नजरेला जे बाळ मेल्यासारखे, ते दुसऱ्याला धुगधुगी असलेले वाटे. मोजमापच नव्हते. वर्षभरातले बालमृत्यू अमेरिकेत भराभर घटत होते, पण पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू काही हटत नव्हते.

१९५२ सालची गोष्ट. सकाळी रुग्णालयाच्या उपाहारगृहात नाश्ता चालला असताना एका विद्यार्थ्याने बाईंना विचारले की जन्मलेल्या बाळाची तब्येत नेमकी कशी ठरवायची. बाईंनी समोरचा एक कागदाचा तुकडा ओढला. त्यावर पाच गोष्टी लिहिल्या आणि उठून थेट बाळंतिणींच्या खोलीकडे निघाल्या, पडताळा घ्यायला. चहा पुरा झाला की नाही, याची नोंद इतिहासात नाही.

त्या पाच गोष्टी अशा. छातीचे ठोके आहेत का, आणि मिनिटाला शंभराच्या वर आहेत का. श्वास चालू आहे का, बाळ रडले का. हातपाय आखडून धरते का, की लुळे पडले आहे. नाकात नळी लावली तर तोंड वाकडे करते, शिंकते का. आणि रंग कसा आहे, अंग गुलाबी की निळे. आपल्या सावळ्या बाळांचा रंग ओठ, जीभ आणि तळहात-तळपाय पाहून ठरवतात. प्रत्येक गोष्टीला शून्य, एक किंवा दोन गुण. बेरीज दहाची. यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही. घड्याळ आणि डोळे एवढेच सामान. सात किंवा जास्त असतील तर बाळ ठीक, चारच्या खाली असतील तर जीव धोक्यात. आणखी एक शहाणपण बाईंनी त्यात घातले : ज्याने बाळंतपण केले त्याने गुण देऊ नयेत, दुसऱ्याने द्यावेत. आपल्याच पेपरला आपणच गुण देऊ लागलो तर काय होते, हे मास्तरांना सांगायला नको.

१९५३ साली हा लेख छापून आला. या पद्धतीचा एक परिणाम असा झाला की बाळाकडे कोणाला तरी पाहावेच लागले. कागदावर आकडा लिहायचा तर बाळापाशी जाऊन उभे राहणे आले, आणि दोन किंवा तीन असा आकडा स्वतःच्या हाताने लिहिल्यावर गप्प बसणे कठीण. लोक बाळाची तोंडे पुसू लागले, प्राणवायू देऊ लागले, आणि थोड्या वेळाने आकडा वाढला का हेही पाहू लागले. पाचव्या मिनिटाचे गुण त्यातूनच आले.

पण मला स्वतःला या बाईचे मोठेपण दिसते ते पुढच्या भागात. गुण मोजता येऊ लागले तसे भुलेच्या एकेका प्रकाराचे पितळ उघडे पडू लागले. सिझेरियनसाठी आईला पूर्ण बेशुद्ध केले तर बाळाचे गुण कमी, पाठीच्या कण्यात सुई देऊन भूल दिली तर जास्त, हे पहिल्याच लेखात दिसले होते. मग डॉ. डंकन होलाडे आणि डॉ. स्टॅन्ली जेम्स हे दोघे बाईंना येऊन मिळाले. त्यांनी नाळेतले रक्त काढून त्यातला प्राणवायू, आम्लता आणि औषधाचा अंश मोजला. कमी गुणांच्या बाळाच्या रक्तात प्राणवायू कमी आणि आम्ल जास्त असते, आणि ही गोष्ट जन्मताना स्वाभाविक मुळीच नव्हे, हे सिद्ध झाले. या तपासणीत सायक्लोप्रोपेन नावाचा वायू सापडला. हुंगायला सुखाचा, झटकन काम करणारा. बाईंचा सगळ्यात आवडता. तो दिलेल्या आयांची बाळे मंद पडतात असे आकडे जेम्स यांनी समोर ठेवले तेव्हा बाईंनी आकड्यांशी वाद घातला नाही. आपल्या हातांनी किती आयांना तो वायू दिला, याचा हिशेब त्यांच्या मनात आला नसेल असे वाटत नाही. त्यांनी त्याच दिवशी तो सोडून दिला. १९५८ साली त्यांच्या गटाने १५,३४८ बाळांचे गुण छापले. गुण जितके कमी तितका मृत्यूचा धोका जास्त, हे त्यातून स्पष्ट झाले.

आयांनी कळा सोसाव्यात असे त्यांनी कधी शिकवले नाही, हे इथे सांगितले पाहिजे. त्या भूल देणाऱ्याच राहिल्या. कोणते औषध, किती, आणि बाळ बाहेर यायच्या किती आधी, एवढेच त्यांनी विचारायला लावले. पेथिडिनचे इंजेक्शन आजही देतात. ते दिल्यावर दोन-तीन तासांच्या सुमारास बाळ जन्मले तर ते सुस्त असण्याची शक्यता जास्त, हे डॉक्टरला ठाऊक असते, म्हणून तो वेळ पाहतो आणि तयारीत राहतो.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर बाईंनी पुन्हा विद्यार्थ्याची पिशवी उचलली. १९५९ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि जन्मजात व्यंगांवर काम करणाऱ्या मार्च ऑफ डाइम्स या संस्थेत गेल्या. आतापर्यंत त्या जन्माच्या पहिल्या मिनिटाकडे पाहत होत्या. आता आधीच्या नऊ महिन्यांकडे पाहू लागल्या. आणि दोन वर्षांत थॅलिडोमाइडचे प्रकरण फुटले. पश्चिम जर्मनीत १९५७पासून ही झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मिळत होती. अगदी निर्धोक म्हणून तिचा लौकिक. गरोदरपणातल्या मळमळीवरही बायका घेत. गर्भ राहिल्यापासून साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसाच्या दरम्यान ती पोटात गेली तर बाळाचे हातपाय खुंटत. १९६१च्या नोव्हेंबरात जर्मनीचे डॉ. विडुकिंड लेन्झ आणि त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाचे डॉ. मॅकब्राइड यांनी धोका ओळखला, तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळे बाधित झाली होती. अमेरिकेत मात्र औषध खात्यातल्या डॉ. फ्रान्सेस केल्सी या बाईंनी परवानगीच्या कागदावर सही करायचे नाकारले होते.

अ‍ॅपगारबाई या काळात गावोगाव हिंडल्या. सभा, रेडिओ, मासिके, जिथे आया भेटतील तिथे. व्यंग असलेले मूल म्हणजे आईचे पाप नव्हे, हे त्या सांगत. गरोदरपणात डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये, हेही सांगत. १९७२ साली त्यांनी जोन बेक यांच्याबरोबर पालकांसाठी जन्मव्यंगांवर पुस्तक लिहिले.

हातपाय खुंटले तर जन्मताच दिसतात. मेंदूवर झालेला परिणाम मात्र शाळेत जाईपर्यंत किंवा त्याहून उशिरापर्यंत दिसत नाही. बाईंच्या पश्चात १९९५ साली डेन्मार्कमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आई गरोदर असताना फिनोबार्बिटल हे गुंगीचे औषध घेत होती, अशा १९५९ ते १९६१ दरम्यान जन्मलेल्या मुलांची बुद्धिमापन चाचणी ते मोठे झाल्यावर केली गेली, तेव्हा त्यांचे गुण अपेक्षेपेक्षा सुमारे सातने कमी भरले. शेवटच्या तीन महिन्यांत औषध घेतले असेल, आणि घरची स्थिती बेताची असेल, तर फरक अधिक. घरची परिस्थिती औषधाच्या जोडीने उतरते, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१६ साली अमेरिकेच्या औषध खात्याने इशारा दिला की गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत वारंवार किंवा तीन तासांहून जास्त वेळ भूल वा गुंगी दिल्यास बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. एखादे छोटे, गरजेचे ऑपरेशन त्यात मोडत नाही.

आपल्या घरातली ओळखीची गोळी म्हणजे डायझेपाम, तिला लोक काम्पोज म्हणतात. सासूबाईंना झोप येत नाही म्हणून आणलेली पट्टी फडताळात असते, आणि सातव्या-आठव्या महिन्यात पोटाने अवघडलेल्या सुनेला अर्धी दिली जाते, मायेनेच. बाळंतपणाच्या तोंडावर ही गोळी जास्त गेली तर बाळ लुळे, थंड आणि दूध न ओढणारे जन्मू शकते. मात्र ज्या बाईला फिट येतात तिने हे वाचून आपल्या मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत. गरोदरपणी फिट येणे हे आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतते. औषध बदलायचे ते डॉक्टरने, आणि शक्यतो दिवस जाण्याआधी.

आज महाराष्ट्रातली बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात. हदगावहून नांदेड साठेक किलोमीटर, आणि श्वास न घेणाऱ्या बाळाला तेवढा वेळ नसतो. म्हणून पहिली मदत जिथे जन्म तिथेच मिळावी लागते. ती मिळू शकते हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना शिकवून दाखवले. त्या ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आता तर नियम असा आहे की अ‍ॅपगारचे गुण मोजेपर्यंतही थांबायचे नाही. बाळ रडले नाही तर पहिल्या मिनिटातच फुगा दाबून श्वास द्यायचा. गुण नंतर लिहा. बाईंना हे आवडले असते, कारण त्या स्वतः रस्त्यावर कोणी पडलेला दिसला तर हाती असावी म्हणून श्वासाची नळी आणि चाकू पर्समध्ये घेऊन हिंडत.

मास्तरांना मी हेही सांगितले की या गुणांवरून मूल पुढे हुशार निघेल की ढ, हे कळत नाही. ते ऐकून त्यांनी कार्ड घडी घालून खिशात ठेवले. थोडे निराशेनेच, कारण नऊ चांगलेच होते.

बाईंनी लग्न केले नाही. आईबरोबर राहिल्या, पोस्टाची तिकिटे जमवली, पन्नाशी उलटल्यावर विमान चालवायला शिकल्या. व्हायोलिन तर लहानपणापासूनचे होतेच. पुढे कार्लीन हचिन्स या वाद्ये बनवणाऱ्या बाई भेटल्या आणि दोघींनी वाद्ये घडवायला घेतली. त्यातल्या एका वाद्यासाठी हवे तसे मेपलचे लाकूड कुठे मिळेना. ते सापडले रुग्णालयातल्या टेलिफोनच्या खोलीत, फोनखालच्या फळीच्या रूपाने. रीतसर मागितली तर मिळेना. तेव्हा १९५७ साली एका रात्री दोघी तिथे गेल्या, एकीने पहारा दिला, दुसरीने फळी उतरवून तिच्या जागी दुसरी बसवली. नवी फळी जराशी लांब निघाली, म्हणून ती जवळच्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहात कापावी लागली. त्या फळीची व्हायोलाची पाठ झाली.

७ ऑगस्ट १९७४ रोजी, ज्या रुग्णालयात आयुष्य गेले तिथेच अ‍ॅपगारबाई वारल्या. वय ६५. त्यानंतर वीस वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९४ रोजी, अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. डॅलस शहरात बालरोगतज्ज्ञांच्या संमेलनात तो समारंभ झाला. तिथे डॉक्टर मंडळींनी बाईंच्या हातची वाद्ये वाजवली, त्यात टेलिफोनच्या फळीचे ते व्हायोलाही होते.